मदत हवी आहे: सॅटर्न सी-८चं गणित ७४ टनांपर्यंत पोचत नाही

नासाच्या कागदावरच राहिलेल्या सी-८ या चांद्ररॉकेटचा हिशेब स्प्रेडशीटमध्ये मांडतोय. पहिल्या टप्प्यात ८ एफ-१ इंजिनं, दुसऱ्यात ८ जे-२ इंजिनं, तिसऱ्यात १ जे-२. उड्डाणाचं वजन ४६०० टन. आयएसपी (विशिष्ट आवेग, म्हणजे इंजिन इंधन किती काटकसरीने वापरतं याचं माप) एफ-१चा २६३ सेकंद, जे-२चा ४२१. चंद्राकडे ७४ टन जायला हवेत, पण वेग कमी पडतो. पहिला टप्पा संपताना त्वरणही ४ जीच्या (गुरुत्वत्वरणाच्या चौपट) वर जातं. शिवाय माणसांना चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५चं ४५ टनांच्या आसपास भागलं, मग इथे ७४ कशाला?

प्रतिसाद १
२६३ हा समुद्रसपाटीवरचा आकडा आहे. निर्वातात तोच ३०४ होतो, आणि पहिलं मिनिट सोडलं तर एफ-१ विरळ हवेतच जळतं. उंचीनुसार दाब धरा. ते किचकट वाटलं तर सरासरी २९५ घाला. वस्तुमानाचं गुणोत्तर (जळण्याआधीचं वजन भागिले नंतरचं) ३ असेल तर एवढ्यानेच सुमारे ३५० मी/से वाढतात. जे-२चा ४२१ निर्वातातलाच आहे, त्याला हात लावू नका.

त्वरणाचं तुमचं उत्तर बरोबर आहे. १५३० टन उरले असताना ८ इंजिनांचा जोर ६२ मेगान्यूटनच्या आसपास असतो. एफ-१चा जोर कमी-जास्त करता येत नाही, म्हणून सॅटर्न-५मध्ये मधलं इंजिन आधी बंद करत. तुम्ही दोन बंद करा, त्वरण ३ जीवर येईल. मात्र जोर मध्यरेषेवरच राहील अशी जोडी निवडा. उरलेली सहा जास्त वेळ जळतील, तो वेळही बदला. नाहीतर इंधन टाकीतच राहून जातं.

प्रतिसाद २
७४ टनांचा हिशेब चंद्रावरून उलटा करा. सी-८ थेट उतरण्यासाठी होतं, म्हणजे उष्णताकवच आणि पॅराशूटसकट अंतराळवीरांची अख्खी कुपी चंद्रावर उतरवायची आणि पुन्हा उचलायची. कुपी ५.८ टन, परतीच्या टप्प्याचं कोरडं (इंधनाशिवायचं) वजन ३ टन धरा. परतीला २.७ किमी/से लागतात. आयएसपी ३१४ असेल तर गुणोत्तर २.४, म्हणजे २१ टन. त्यात उतरण्याच्या टप्प्याचे पाय आणि रिकाम्या टाक्यांचे ५ टन मिळवा. उतरायला २.९ किमी/से, गुणोत्तर २.५६; झाले ६७ टन. मार्गदुरुस्ती आणि राखीव इंधन धरलं की ७४ अवास्तव वाटत नाही.

११ जुलै १९६२ला नासाने चंद्रकक्षेतल्या जोडणीचा मार्ग जाहीर केला. परतीची कुपी कक्षेतच थांबणार म्हटल्यावर एवढ्या मोठ्या रॉकेटची गरजच उरली नाही.

कोरडी वजनं मात्र जपून भरा. परतीच्या टप्प्यात १ टन वाढला की चंद्राकडे पाठवायचे ६ टन वाढतात. बहुतेक शीटमधली चूक तिथेच सापडते.