आटे पाडायचे की पेच कापायचे?

खटपट्या (लेस्टर): मंडळी, एक अडचण आलीये. इथे इंग्लंडात मला शोभेच्या कातकामाचा, म्हणजे लेथवर नक्षीदार डब्या वगैरे कातायचा नाद लागलाय आणि एका दिवाळी अंकासाठी होल्टझाफेल या लंडनच्या जुन्या कंपनीच्या लेथवर लेख लिहिलाय. त्यात मी "मँड्रेल सरकवून आटे पाडतात" असं लिहिलं होतं (मँड्रेल म्हणजे लेथचा फिरणारा दांडा, काम त्यालाच पकडतात), संपादकांनी ते "पेच कापतात" करून टाकलं, वर म्हणे आटे हा गॅरेजमधला शब्द. आमच्या घरी तर बरणीच्या झाकणालाही आटेच असायचे! आणि मँड्रेलला मराठीत काही आहे का?

फिटर_आबा: गॅरेजमधला म्हणे. अहो पेच म्हणजे अख्खा स्क्रू, आणि आटे म्हणजे त्याच्या अंगावरचे वळसे. भोकात टॅप मारा, दांड्यावर डाय फिरवा नाहीतर लेथवर घ्या, पाडतात ते आटेच. कुस्तीत पेच टाकतात, पतंगाचे पेच लागतात. कापत कोणीच नाही.

शुद्धमती: आटे ठीक आहे, पण लेथ, मँड्रेल, स्क्रू सगळंच इंग्रजी कशाला? मळसूत्र हा किती सुरेख शब्द आहे आणि लेथला कातयंत्र म्हणता येतं की.

फिटर_आबा: ताई, दुकानात जाऊन अर्ध्या इंचाचं मळसूत्र मागून बघा एकदा.

निरुक्तनाना: कातणे वरून आठवलं. सूत कातणे आणि लाकूड कातणे हे एकच क्रियापद कसं, हे कोडं मला कायम पडायचं. संस्कृतात कृत् धातू दोन आहेत, एक कापण्याचा आणि एक सूत काढण्याचा. कातर कापण्यातली, मग लाकूड कातणारा कातारी कुठला? माझं मत, कापण्यातलाच. खांब 'कातीव' म्हणतो तेव्हा त्यातलं लाकूड काढूनच टाकलेलं असतं ना. आटे हा शब्द मात्र सुताच्या आंटीवरून आला असावा असा माझा तर्क, दोन्हीकडे गुंडाळणं आहे. पुरावा मागू नये.

खटपट्या: नाना, छान, पण माझा प्रश्न क्रियापदाचा आहे. नेहमीच्या लेथवर काम जागच्या जागी फिरतं आणि हत्यार लीडस्क्रूवर, म्हणजे लेथच्या लांब स्क्रूवर सरकतं, मॉडस्ले या इंग्रज कारागिराने १८०० च्या सुमाराला बसवलेली पद्धत. इथे उलटं, हत्यार स्लाइडरेस्टमध्ये (हत्यार धरायच्या सरकत्या पकडीत) घट्ट बसलेलं आणि मँड्रेलच पुढेमागे जातो, त्याच्या मागच्या टोकाला एक गाइडस्क्रू चढवायचा, खाली पितळी चक्रीच्या कडेला वेगवेगळ्या मापांचे आटे असतात त्यातला जोडीचा भाग वर आणून टेकवायचा, की मँड्रेल फिरता फिरता तेवढाच सरकतो. म्हणून लेथ फिरवायचा पायटा सपासप मारायचा नाही, चाक मागेपुढे झुलवायचं, नाहीतर डबीचं झाकण आटे संपतात तिथल्या खांद्याला जाऊन आपटलंच. पूर्वी हस्तिदंत, आता काळं आफ्रिकन लाकूड, एक एक बारीक काप घेत आटा खोल होतो. आता हे 'पाडणं' की 'कापणं'?

फिटर_आबा: पाडणंच. खड्डे पाडतात, भोक पाडतात, आटे पाडतात. कंगव्यासारख्या दात्यांच्या चेझर नावाच्या हत्याराने हातानेसुद्धा पाडायचे आमचे जुने लोक.

मुंबईकर_पक्या: आमच्या कारखान्यात सगळे चुडी म्हणायचे. "चुडी गेली, नवीन बोल्ट आण."

शुद्धमती: ती हिंदी चूडी. एवढ्यासाठीच मी म्हणते की शब्द जपायला हवेत!

मुंबईकर_पक्या: पेच तरी कुठे आळंदीहून आलाय, फारसीच ना?

अनुवादिनी: मी मॅन्युअलं भाषांतरित करते, हल्ली मशीनचं भाषांतर तपासायला येतं, त्यात इंग्रजी 'थ्रेड'चं "स्क्रूचे धागे स्वच्छ करा" असं असतं. एकाने तर 'सूत' सुचवलं.

फिटर_आबा: सूत! वर्कशॉपात सूत म्हणजे १/८ इंच. तीन सुताचा बोल्ट म्हणजे ३/८. त्या हिशेबाने "सूत स्वच्छ करा" वाचून पोरगं फूटपट्टी पुसत बसेल.

खटपट्या: मापाचं निघालंच म्हणून सांगतो, होल्टझाफेलच्या मँड्रेलच्या नाकावर, म्हणजे पुढच्या टोकावर इंचाला ९.४५ आटे असतात. साडेनऊ नाही, ९.४५! आट्यांचं व्हिटवर्थचं प्रमाण आलं १८४१ ला, ही मंडळी १७९० च्या दशकापासून लंडनात लेथ विकत होती, नंतरही माप बदललं नाही कारण जुन्या गिऱ्हाइकांचे चक (काम पकडायचे साचे) नव्या लेथवर बसायला हवेत. आज त्याला नवीन चक करायचा तर लेथच्या चेंजगियरांनी (बदलायच्या दातेरी चाकांनी) सहज जमत नाही, नेमकं ९.४५ देणारी जोडी शोधताना डोकं फिरतं.

फिटर_आबा: म्हणजे पिच, दोन आट्यांमधलं अंतर, २.६९ मिलिमीटरच्या आसपास. त्यापेक्षा एखादा जुना चक मिळवा आणि त्यावरूनच टॅप करून घ्या. आणि संपादकांना सांगा, स्क्रूवर काय असतं ते आधी नखाने चाचपून या.

निरुक्तनाना: मँड्रेलला 'तर्कू' हा सूत कातायच्या चातीचा संस्कृत शब्द कसा वाटतो? चात, तकली त्याच कुळातली.

फिटर_आबा: नाना, तकलीवर चक चढवणार का?

शुद्धमती: फिरकीचा तांब्या आठवतोय का कोणाला? आमच्या आजेसासूबाईंचा आहे, झाकण अर्ध्यातच अडकतं. त्याला फिरकी म्हणायचं की आटे?

फिटर_आबा: झाकणाला फिरकी म्हणा, वळसे आटेच. ताई, चिंच लावून आटे घासा, कडेला हिरवं धरलं असेल. आणि उलटे आटे तर नाहीत ना ते बघा, सायकलच्या डाव्या पायडलसारखे?

शुद्धमती: बघते. उलटे म्हणजे नेमके कुठल्या बाजूने?