.३१५ आणि .३०-०६ : कोणते बोअर, कोणते काडतूस?

मोरणाकाठ (पाटण, जि. सातारा)
आजोबांची इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली रायफल गेल्या वर्षी वारसाहक्काने माझ्या परवान्यावर आली. नळीवर बोअर (नळीच्या छिद्राचे माप) ‘.३१५’ असे कोरलेले आहे, परंतु सोबत मिळालेल्या काडतुसांच्या पेंद्यावर ‘८ एमएम केएफ’ असा ठसा दिसतो. ही काडतुसे याच रायफलीची आहेत का? एक नातेवाईक ही विकून .३०-०६ बोअरची रायफल घेण्यास सुचवतात. दुसरे म्हणतात की बोल्टची (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याची) रचना जुन्या लष्करी .३०३ रायफलीसारखीच असल्याने तिची काडतुसेही हिला चालतील. रानडुकरांमुळे भुईमूग हाती लागत नाही, म्हणून विचारतो.

निवृत्त सुभेदार, कराड
८ मिलिमीटरला २५.४ ने भागल्यास ०.३१५ इंच येतात, म्हणजे दोन्ही नावे एकाच काडतुसाची आहेत. ‘केएफ’ म्हणजे पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना. मात्र ‘८ एमएम’ एवढेच वाचून फसू नका. आपले काडतूस ८×५० आर, म्हणजे पुंगळी (दारू भरलेली धातूची नळी) ५० मिलिमीटरची आणि पेंद्याला बाहेर आलेली कड असलेली. जर्मन माउझरचे ८ एमएम ५७ मिलिमीटरचे व बिनकडेचे असते, त्यामुळे ते या चेंबरचे (नळीत काडतूस बसते त्या जागेचे) नव्हे. .३०३ ची पुंगळी ५६ मिलिमीटरची. बोल्ट एकाच घराण्याचा असला, तरी काडतूस चेंबरला बसावे लागते, बोल्टला नव्हे. शिवाय .३०३ हे प्रतिबंधित बोअर असल्याने तसले काडतूस घरात सापडणे हाच गुन्हा ठरेल. हा सल्ला देणाऱ्यांचे पुन्हा ऐकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नेमबाज, मिरज
१९०६ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या .३०-०६ ची पुंगळी ६३ मिलिमीटरची असून तिचा दाब .३१५ पेक्षा बराच जास्त असतो. गोळी हलकी, वेगवान आणि लांबवर सरळ जाणारी. .३१५ ची गोळी जड व संथ, पण शे-दीडशे मीटरपर्यंत काम चोख करते, आणि पाटणच्या डोंगरउतारावर त्याहून लांबचा नेम मिळतो तरी कुठे? केवळ त्यासाठी रायफल बदलण्यात मला अर्थ दिसत नाही. जुन्या काडतुसांवर हिरवट गंज चढला असेल किंवा गोळी पुंगळीत हलत असेल, तर ती वापरू नयेत. रायफलही परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावी.

शिराळ्याचा शेतकरी
आधी कायद्याचे पाहा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे. पिकाचे नुकसान होत असले तरी वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय डुकरावर गोळी झाडता येत नाही. दुसरे म्हणजे, रायफलीची गोळी चुकली तर दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते आणि आपल्याकडे प्रत्येक टेकडीमागे वस्ती असते. परवानगी मिळालीच, तर बारा बोअरची छऱ्यांची बंदूक बरी. तिथेही चेंबर ६५ मिलिमीटरचे की ७० चे, हे नळीवर वाचूनच काडतूस घ्यावे, कारण ७० चे काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये बसते खरे, पण फुटल्यावर त्याचे तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. वीस बोअरचे काडतूस बारापेक्षा बारीक असते, त्यामुळे ते तर बारा बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकते. त्यामागे दुसरे भरून झाडले की नळीच फुटते. म्हणूनच, चटकन ओळखू यावीत यासाठी, वीस बोअरची काडतुसे बहुधा पिवळी असतात.

मोरणाकाठ
आभारी आहे. रायफल विकत नाही. पेटीतली सात काडतुसे आज पाहिली, त्यांतील तीन हिरवी पडली आहेत. ती कशी जमा करायची, हे उद्या पोलीस ठाण्यात विचारतो.