फायबरच्या होडीवर वाळलेले पॉलिशचे ओघळ कसे काढायचे? मदत हवी आहे

चिक्कोडी तालुक्यात कृष्णेकाठी आमचं गाव, पण निम्मी मळीची जमीन पलीकडच्या काठाला. 2019 च्या पुरात लाकडी नाव गेली, तेव्हापासून फायबरची होडी आहे. वैरण, खताची पोती, माणसं, सगळं तिच्यातनंच.

यंदा बसायच्या फळ्या सागवानी करून घेतल्या. सुताराने त्या जागेवर बसवल्या आणि तिथेच पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचा हात मारला, खाली साधं पोतंही न अंथरता. आतल्या पांढऱ्या भागावर तपकिरी ओघळ उतरलेत. उन्हात वाळून इतके कडक झालेत की नख लागत नाही. एक बटणाएवढा जाड थेंब कडेला जरा सुटल्यासारखा वाटतो, बाकीचा पातळ थर घट्ट. सुतार म्हणतो, "पाण्यातच तर राहायची आहे, कोण बघतंय?" आमचे थोरले काका बघतात, रोज बघतात.

रॉकेल झालं, टर्पेंटाइन झालं, फडक्याला रंगसुद्धा आला नाही. निपाणीतल्या दुकानदाराने पेंट रिमूव्हर गळ्यात मारलंय, ते उघडायचं धाडस होत नाही. पॉलिश पेपर मारावा का? कोयनेचं पाणी सुटायच्या आत होडी तयार हवी.

प्रतिसाद

रिमूव्हर परत करा. वरचा चकचकीत थर म्हणजे जेलकोट, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तोही रेझिनचाच, त्यामुळे पॉलिश उठवणारं रिमूव्हर त्यालाही मऊ करतं. टर्पेंटाइन ओल्या पॉलिशवर चालतं, पक्क्या पीयूवर नाही.

जाड थेंबांपासून सुरुवात करा. हेअर ड्रायरने कोमट करायचे आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने आडवे ढकलायचे. पत्रा, सुरी अजिबात नको. मग सुती फडक्यावर थोडं ॲसिटोन घेऊन पटकन पुसा, लगेच पाण्याचं फडकं. भिजवून ठेवलंत तर जेलकोट निस्तेज होतो. आधी फळीखाली, न दिसणाऱ्या जागी करून बघा. आणि विडीवाल्यांना लांब बसवा, ॲसिटोनची वाफ पेट घेते.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. उरलेल्या डागाला वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा बारीक पॉलिश पेपर: आधी 1000 नंबरचा, मग 1500, मग 2000. पेपर ओला हवा आणि हात डागापुरताच फिरवा. नंतर गाड्यांचं रबिंग कंपाउंड आणि वर मेणाचं पॉलिश. घासताना आतली काचेची जाळी दिसायला लागली तर तिथेच थांबा, जेलकोट संपला. पाय ठेवायच्या जागी खरखरीत नक्षी असते, तिथे पेपर लावू नका. पावसात पाय घसरेल.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. मोठा थेंब कार्डाने अख्खा सुटला, खाली पांढरं जसंच्या तसं आहे! पण सगळ्यात मोठा ओघळ नेमका त्या नक्षीतच शिरलाय. तिथे ॲसिटोन आणि जुना टूथब्रश चालेल का, की ब्रशच विरघळेल?