गावच्या घराचा विहिरीचा पंप पणजीतून मोबाइलवर चालवता येईल का?

परसदार (पणजी)

नमस्कार मंडळी. प्रियोळला आमचं जुनं घर आहे, चिऱ्याच्या भिंती आणि वर मंगळुरी कौलं. तिथे आईबाबा दोघंच असतात. परसात विहीर, तिच्यावर एक एचपीचा सिंगल फेज मोनोब्लॉक पंप आणि न्हाणीच्या स्लॅबवर हजार लिटरची काळी टाकी. नळाला पाणी येतं, पण त्याच्या वेळेचा भरवसा नाही. खरा आधार विहिरीचाच.

दुखणं असं आहे: आई पंप लावते आणि देवपूजेला बसते. टाकी भरून वाहायला लागली तरी पावसाच्या आवाजात कळत नाही. उन्हाळ्यात याच्या उलट, विहिरीचं पाणी खाली जातं आणि पंप कोरडाच घरघरत राहतो. गेल्या मे महिन्यात त्याचं वाइंडिंग करून घ्यावं लागलं. आणि बाबा, वय अठ्ठ्याहत्तर, शेवाळ धरलेल्या भिंतीला शिडी लावून टाकीत डोकावतात. मला मुख्य म्हणजे ते थांबवायचं आहे.

मडगावच्या एका दुकानात मला १६ अँपिअरचा वायफाय प्लग दाखवला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, याच्यावर एसी चालतो, पंपाचं काय घेऊन बसलात!" बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांचं एकच: "बाय, बटण बंद करपाक इंटरनेट कित्याक जाय?"

प्लग घेऊ का? आणि बाबांना काय सांगू?

खाजन (दिवाडी)

टाकीचा अलार्म लावा, दोनतीनशे रुपयांत मिळतो. दोन वायरी टाकीत सोडायच्या, पाणी लागलं की पेटी बोंबलते. आमची पेटी हिंदीतून मोटर बंद करायला बजावते, आम्हाला आणि आजूबाजूच्या चार घरांनाही. इंटरनेट वगैरे भानगडच नको.

कॉइलवाला (फोंडा)

ताई, फोंड्यात माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. मे महिन्यात दुकानात जळक्या वार्निशचा वास भरून राहतो, तो बहुतेक असल्याच पंपांचा. एक सांगतो, कोरडा चालला म्हणजे वाइंडिंग लगेच जळतं असं नाही. आधी जातं मेकॅनिकल सील. ते पाण्यावरच थंड राहतं. सील गेलं की पाणी शाफ्टवरून बेअरिंगमध्ये शिरतं आणि तिथून वाइंडिंगमध्ये. म्हणजे मार्चमध्ये कोरडा चाललेला पंप मेमध्ये माझ्याकडे येतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, "काल तर चांगला होता!"

आता प्लग. घेऊ नका. एक एचपी म्हणजे कागदावर ७४६ वॅट, पण पंप प्रत्यक्षात चालताना साधारण ६ अँपिअर ओढतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. प्लगवर छापलेले १६ अँपिअर गिझर, इस्त्री असल्या लोडसाठी असतात. दुकानदार एसीचं म्हणतो ते अगदीच खोटं नाही, पण आताचे इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग घेतात. पंप एकदम झटका देतो. प्रत्येक झटक्याला प्लगच्या आतल्या रिलेत (विजेने उघडझाप होणाऱ्या छोट्या स्विचमध्ये) ठिणगी पडते आणि एक दिवस ते टिकलीएवढे कॉन्टॅक्ट वितळून एकमेकांना चिकटून बसतात. मोबाइलवर "बंद" दिसतं, पंप चालूच. तुम्ही पणजीत निवांत.

म्हणून मोटर कॉन्टॅक्टरवर घ्या, म्हणजे मोटरचा झटका सोसणारा, कॉइलला वीज मिळाली की जुळणारा दणकट स्विच. सोबत ओव्हरलोड रिले, करंट जास्त झाला की मोटर तोडणारा. कॉन्टॅक्टरची कॉइल २४ व्होल्टची मागा आणि त्याला छोटा ट्रान्सफॉर्मर लावा. वायफाय स्विचने फक्त तो ट्रान्सफॉर्मर चालू-बंद करायचा. त्याचा करंट नगण्य, रिलेला कसलाच त्रास नाही. ट्रान्सफॉर्मरची २४ व्होल्टची तार कॉइलकडे जाताना वाटेत दोन फ्लोट स्विचमधून (पाण्याबरोबर वरखाली होऊन सर्किट जोडणारे-तोडणारे) न्या, एक टाकीतला, एक विहिरीतला. टाकी भरली की पहिला सर्किट तोडतो, विहीर तळाला गेली की दुसरा. दोघांनाही वायफायची गरज नाही. आणि टाकीत २३० व्होल्ट सोडलेले नसल्यामुळे पाण्यात हात घालताना जीव मुठीत धरावा लागत नाही.

फ्लोटला तीन वायरी असतात, लागतात दोनच. वर गेल्यावर तोडणारी जोडी टाकीला आणि खाली गेल्यावर तोडणारी विहिरीला. मल्टिमीटरने फ्लोट हातात वरखाली करून बघा, वायरींच्या रंगांवर विसंबू नका. विहिरीतला फ्लोट पाइपाला बांधा, पण फूटव्हॉल्व्हच्या (पाइपाच्या तळाच्या झडपेच्या) बराच वर.

राहिले बाबा. त्यांच्यासाठी तीन जागांचा फिरवायचा स्विच बसवा: ऑटो, बंद, हाताने. "हाताने" केलं की वायफाय स्विच बाजूला पडतो, फ्लोट मात्र कामावर राहतात. "बंद" केलं की मोबाइलवरून कोणी काहीही करा, पंप लागणार नाही. त्यांचा प्रश्न बरोबरच आहे, बटण बंद करायला इंटरनेट लागत नाही. तुम्हाला पणजीत बसून पंप चालू आहे का आणि टाकी भरली का हे कळण्यासाठी ते लागतं. शिडी त्यानेच सुटेल.

रात्रपाळी (पर्वरी)

कॉइलवाले भाऊंच्या वायरिंगला नमस्कार. मी कंपनीत सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे माझी भर दुसऱ्या टोकाची.

घरातली वस्तू नुसती दुरून "दिसावी" ही कल्पना जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये १९९१ मध्ये कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला होता, कारण माणसं जिने चढून-उतरून यायची आणि भांडं रिकामं सापडायचं. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर गेलं आणि २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला. परसदार ताईंच्या बाबांची शिडी हा तोच प्रकार. वस्तू दुरून "चालवण्याचं" उदाहरण म्हणजे जॉन रॉमकीचा टोस्टर, १९९० च्या इंटरॉप प्रदर्शनातला. नेटवरून चालू व्हायचा, ब्रेड मात्र हातानेच घालायला लागायचा! पुढच्या वर्षी त्याला ब्रेड टाकणारी छोटी क्रेन जोडली.

तर कामाचं. वायफाय स्विच असा घ्या की ज्यावर टॅस्मोटा किंवा ईएसपीहोम ही स्विचच्या आत घालायची मोफत सॉफ्टवेअरं घालता येतील, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरशी संबंधच नको. आतली चिप ईएसपी, म्हणजे ही सॉफ्टवेअरं जिच्यावर चालतात ती, आहे का ते आधी बघा, आता बऱ्याच स्वस्त स्विचमध्ये दुसरीच चिप असते. आणि सॉफ्टवेअर घालताना मेनची वायर जोडलेली नको, म्हणजे नकोच. कंपनीवर का अवलंबायचं नाही? रिव्हॉल्व्ह नावाचा घर सांभाळणारा हब होता, नेस्टने ती कंपनी घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केला. लोकांच्या भिंतीवरची चालू यंत्रं त्या दिवशी निरुपयोगी झाली.

टॅस्मोटात दोन सेटिंगं न विसरता करा. पॉवरऑनस्टेट मुळात ३ असतो, म्हणजे वीज गेली आणि परत आली की रिले आधीच्या स्थितीला जातो. आपल्याकडे पावसात वीज किती वेळा जाते-येते ते सांगायला नको. रात्री दोनला पंप आपोआप लागेल. तो ० करा. दुसरं पल्सटाइम. १३०० लिहिलं की १२०० सेकंदांनी, म्हणजे २० मिनिटांनी, रिले स्वतःच बंद होतो, नेट असो वा नसो. (आकड्यात १०० जास्तीचे का, तर त्यांची पद्धतच तशी आहे.)

पणजीतून बघायला राउटरचं पोर्ट, म्हणजे बाहेरून थेट आत येण्याची वाट, उघडू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने कारखान्यातलेच पासवर्ड ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर शोधून लाखोंची फौज बांधली आणि त्या ऑक्टोबरात साइटच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगणाऱ्या डिन कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा मोठमोठ्या साइट काही तास मिळेनाशा झाल्या. घरी एखादा जुना लॅपटॉप असेल तर त्यावर होम असिस्टंट (घरातली उपकरणं एका जागी दाखवणारं सॉफ्टवेअर) टाका आणि वायरगार्डसारख्या व्हीपीएनने, म्हणजे कुलूपबंद खाजगी वाटेने, आत जा. तुमचं कनेक्शन अनेक ग्राहकांना एकच पत्ता देणारं असेल तर थेट वायरगार्ड जमणार नाही, तेव्हा टेलस्केल वापरा, तीही तशीच वाट, पण अशा कनेक्शनवर चालणारी. उपकरणांचे निरोप पाठवायला एमक्यूटीटी ही पद्धत. ते १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनींवर सॅटेलाइटने नजर ठेवायला बनवलं होतं, आपल्या गावच्या रडतखडत नेटला अगदी साजेसं.

एका मुद्द्यावर मात्र भाऊंशी पटत नाही. नुसतं बघणं पुरे कसं? माझ्या आईच्या गुडघ्यांमुळे तिला विहिरीपर्यंत जाववत नाही. तिला आतून पंप लावता येणं हीच मोठी सोय आहे.

परसदार (पणजी)

दोघांचेही आभार. फिरवायच्या स्विचचं बाबांना सांगितलं, त्यावर बराच वेळ गप्प होते, मग विचारलं, "मेस्त कोण येतलो?" म्हणजे तत्त्वतः मान्य!

आता अडचण वायफायची. राउटर पुढच्या खोलीत, टीव्हीपाशी. विहिरीपर्यंत मध्ये चिऱ्याच्या तीन भिंती. स्वयंपाकघरात फोनवर कशीबशी एक दांडी दिसते, परसात काहीच नाही. पावसाळ्यात भिंती भिजल्या की स्वयंपाकघरातलीही जाते. रीपीटर घेऊ का? शिवाय पंपाजवळचा सध्याचा लाकडी बोर्ड उघडला तर आत पालीची अंडी आणि मुंग्यांचं वारूळ असतं. तिथे इलेक्ट्रॉनिक्स टिकेल?

कॉइलवाला (फोंडा)

रीपीटर राहू दे. वायफाय स्विच विहिरीपाशी न्यायचाच कशाला? स्विच आणि ट्रान्सफॉर्मर राउटरच्या शेजारी पुढच्या खोलीत ठेवा, कॉन्टॅक्टर पंपाजवळ. मधून जातात फक्त २४ व्होल्टच्या तारा, त्यांना भिंत भिजली काय नि सुकली काय. वायफायला हाताच्या अंतरावरून पोहोचायचं आहे. राउटर आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर वीज गेली की तुम्हाला पणजीत सगळंच आंधळं.

रात्रपाळी भाऊंना: आईंसाठी फिरवायचा स्विच स्वयंपाकघराच्या दारापाशी बसवा. लाइटची साधी वायर पुरते. चष्मा शोधून, मोबाइलचं कुलूप उघडून, अॅप सापडेपर्यंत त्या बटण फिरवून चहाला लागतील. मोबाइलवरून लावणं वाईट असं मी म्हणत नाही, पण लावताना विहिरीपाशी कोण उभं आहे ते पणजीत दिसत नाही. सुट्टीत नातवंडं आली, पाइपाशी खेळतायत, कोणी मेस्त फूटव्हॉल्व्ह काढून बसलाय. ऑटोवर असेल तर आधी घरी फोन करा, मग लावा.

पेटीबद्दल. पंपाजवळ लाकडी बोर्ड नकोच. आयपी ६५ ची (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न घेणारी) प्लॅस्टिक पेटी घ्या, वायरी खालून ग्लँडमधून (वायरीभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) आत, वरून एकही भोक नाही. वायर पेटीत शिरण्यापूर्वी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं. रिकाम्या राहिलेल्या ग्लँडला बूच मारा. पाल उबेला येते, कॉन्टॅक्टरच्या दोन फेजमध्ये... चुकलो, तुमचं सिंगल फेज आहे, फेज आणि न्यूट्रलमध्ये आडवी पडते, आणि मग तिचंही संपतं आणि कॉन्टॅक्टरचंही. माझ्याकडे आलेल्या स्टार्टरांत वाळलेली पाल ही नवलाची गोष्ट नाही. ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारं) आणि नीट अर्थिंग हे तर हवंच, त्यात काटकसर नको.

रात्रपाळी (पर्वरी)

मान्य, आईसाठी बटणच बरं. एक राहिलं. वायफाय स्विच "चालू" दाखवतो तो त्याने हुकूम दिला म्हणून, पंप खरंच चालतोय म्हणून नव्हे. फ्लोटने तोडलं तरी अॅपवर "चालू"च दिसेल. त्यासाठी कॉन्टॅक्टरला ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट (त्याच्याबरोबर उघडझाप होणारा छोटा जादा स्विच) जोडून घ्या आणि त्याच्या दोन तारा वेगळ्या ईएसपी बोर्डाला द्या, मोबाइलच्या चार्जरवर चालणाऱ्या. वायफाय स्विचच्या आतल्या पिनांना या तारा कधीही लावू नका. त्या स्वस्त स्विचमध्ये अख्खं सर्किट मेनशी जोडलेलं असतं, तार हातात धरली तर शॉक बसेल. टाकीच्या पातळीसाठी अल्ट्रासोनिक सेन्सर लावायचा मोह होईल. बंद टाकीत वाफेचे थेंब त्याच्या तोंडावर जमतात, आणि वॉटरप्रूफ प्रकाराला अगदी जवळचे वीसेक सेंटीमीटर दिसतच नाहीत, म्हणजे टाकी भरत आली की नेमका तेव्हाच आंधळा. टाकीत आणखी एक छोटा फ्लोट सोडा, अर्ध्यावर, आणि त्याचीही तार त्याच बोर्डाला.

कुळागर (सत्तरी)

चांगली चर्चा. आमच्या कुळागरात पाच एचपीचा थ्री फेज पंप आहे, ओहोळावर. त्यालाही हेच चालेल का? एक फेज गेला की मोटर गुणगुणत उभी राहते, हा आमचा मुख्य त्रास.

कॉइलवाला (फोंडा)

नाही, जसंच्या तसं चालणार नाही. तुम्हाला आधी सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर तोडणारा) हवा, इंटरनेट नंतर. स्टार्टर डीओएल (मोटर थेट लावणारा) आहे की स्टार-डेल्टा (टप्प्याने लावणारा), आणि ओव्हरलोड किती अँपिअरवर लावलाय, ते लिहून नवा धागा काढा. स्टार्टर उघडून आतला फोटोही टाका, पण मेन पाडून.