मदत हवी आहे : फँग आणि व्हॅनिल यांच्या नात्याला मराठीत काय म्हणावे?

नागपुरातील आमच्या वाचनगटात 'फायनल फँटसी १३' (जपानमध्ये २००९) या व्हिडिओ खेळातील फँग आणि व्हॅनिल या दोघींच्या नात्यावर मला बारा मिनिटे बोलायचे आहे. श्रोत्यांपैकी बहुतेकांनी हा खेळ पाहिलेलाही नाही, त्यामुळे शब्दच नेमका हवा. खेळात प्रेमाची कबुली कुठेही नाही. मात्र व्हॅनिलला शोधत फिरलेली फँग पालामेशिया या हवाई जहाजावर तिला भेटते, तेव्हा आधी कडकडून मिठी मारते आणि लगेच तिच्या अंगावरची शापाची खूण तपासते, आणि शेवटी दोघी मिळून कोकून हे कोसळते तरंगते जग सावरण्यासाठी स्फटिकरूप होतात. मला हे प्रसंग निव्वळ मैत्रीचे वाटत नाहीत.

'जिवाभावाची मैत्रीण' म्हटले की प्रेमाची शक्यताच पुसली जाते, 'प्रेयसी' म्हटले की खेळाने न सांगितलेले मी ठामपणे सांगते, आणि 'सखी' म्हणताच गवळणीतील राधेची सोबतीण डोळ्यांपुढे उभी राहते. संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनांचा 'ध्वनी' हा शब्द न बोललेल्या अर्थासाठी मला चपखल वाटतो, पण तो अर्थाचे नाव आहे, नात्याचे नव्हे. इंग्रजी शब्द टाळायचा आहे आणि 'बहिणीसारख्या' तर मुळीच नको.

दोन्ही शक्यता जिवंत ठेवणारा, ऐकताक्षणी कळणारा असा एखादा शब्द किंवा छोटी शब्दयोजना आपल्याला सुचते का, आणि ती कोणत्या वाक्यात कशी वापराल?