घरच्या संगणकासाठी सिक्वेन्सर: आधी ताल तपासा, मग बाकीचं

खालीभरी:
घरी अभंग, भावगीतं किंवा शाळेच्या गॅदरिंगची गाणी बसवायची आहेत, त्यासाठी सिक्वेन्सर म्हणजे सुर-ताल मांडून वाजवणारं कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, असं कुणी विचारलं की हमखास उत्तर येतं, "सगळे एफएल स्टुडिओ वापरतात, तेच घे." माझा या उत्तराला विरोध आहे. ही सॉफ्टवेअरं उघडली की समोर चार-चारचा हिशेब येतो. आपली गाणी सात, दहा, चौदा मात्रांचीही असतात. म्हणून पहिली परीक्षा तालाची घ्यावी. आवाज, इफेक्ट, देखणा पडदा हे सगळं नंतर.

परीक्षा अशी. नवा प्रोजेक्ट उघडा आणि सात मात्रांचा रूपक ताल लावा. टाइम सिग्नेचर (वर मात्रांची संख्या, खाली नोटेची लांबी) ७/४ ठेवा, ७/८ नको. बहुतेक सॉफ्टवेअरांत टेम्पोचा, म्हणजे लयीचा, आकडा पाव नोटेचा असतो. ७/८ घेऊन टेम्पो १०० ठेवला तर मात्रा मिनिटाला २०० पडतात आणि गाणारा म्हणतो, लय दुप्पट झाली. सहा मात्रांच्या दादऱ्याला ६/८ लावणाऱ्यांची हीच चूक होते.

मग मेट्रोनोम, म्हणजे लयीचा टकटक ठोका, ऐका. रूपकात समेवरच (पहिल्या मात्रेवरच) खाली असते: तिं तिं ना, धिं ना, धिं ना. गाणाऱ्याला पहिली मात्रा वेगळी कळली पाहिजे आणि चौथी व सहावी थोडी उठून दिसली पाहिजे. सातही ठोके सारखेच टकटकले तर दोन आवर्तनांनंतर (तालाच्या फेऱ्यांनंतर) सम कुठे गेली ते सापडत नाही. शेवटची परीक्षा म्हणजे एकाच प्रोजेक्टमध्ये मुखडा रूपकात ठेवा, शेवट केरवा या दुसऱ्या तालात न्या आणि तिथे लयही वाढवा.

यात रीपर हे सॉफ्टवेअर पूर्ण उतरतं. इन्सर्ट मेनूतून टेम्पो आणि टाइम सिग्नेचरची खूण हवी तिथे टाकता येते. मेट्रोनोमच्या चित्रावर राइट क्लिक केलं की ठोक्यांची मांडणी बदलता येते. ६० दिवस सगळं उघडं वापरता येतं. नंतर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो आणि तो दोन मोठ्या आवृत्त्यांपर्यंत चालतो. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. घरच्या माणसाला याहून जास्त काही लागत नाही असं माझं ठाम मत आहे.

तिरकिट:
पूर्ण असहमत. तुम्ही ताल म्हणजे टाइम सिग्नेचर समजताय. ताल म्हणजे आवर्तन, आणि आवर्तन म्हणजे पॅटर्न. एफएल स्टुडिओची सगळी रचनाच पॅटर्नवर उभी आहे. एका मात्रेला चार घरं असा हिशेब धरला तर रूपकाचा पॅटर्न २८ घरांचा, दहा मात्रांच्या झपतालाचा ४० घरांचा. तो एकदा भरायचा आणि प्लेलिस्टवर एकापुढे एक मांडायचा. मूळ पॅटर्नमध्ये एक बोल बदलला की गाण्यातलं प्रत्येक आवर्तन बदलतं. तिहाईपुरतं (तीनदा वाजणाऱ्या तुकड्यापुरतं) वेगळं हवं असेल तर ती एक प्रत वेगळी करून घ्यायची. टाइम सिग्नेचर बदलण्याची सोयही २०१८ च्या २० व्या आवृत्तीपासून आहे.

दुसरं, परवाना एकदा घेतला की पुढच्या सगळ्या आवृत्त्या कायम फुकट. तुमच्या दोन आवृत्त्यांच्या हिशेबापेक्षा हे बरं नाही का?

आणि रीपरबद्दलची जी गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत ती मी सांगतो. त्यात वाद्यांचे आवाज जवळजवळ नाहीतच. नवा माणूस ट्रॅक करतो, पियानो रोलमध्ये, म्हणजे सुरांच्या चौकटीत, सुर टाकतो, प्ले दाबतो आणि काहीच वाजत नाही. कारण मिडी म्हणजे नुसती सूचना: अमुक पट्टी, अमुक जोरात, अमुक वेळ. वाजवणारं वाद्य ट्रॅकवर तुम्हीच बसवायचं असतं. सातवीतल्या मुलाने इथेच संगणक बंद केला तर तुमच्या सुंदर मेट्रोनोमचा उपयोग काय?

खालीभरी:
आवाज नाहीत हे मान्य, ते मी लिहायला हवं होतं. पण उपाय दहा मिनिटांचा आहे. सफोरझांडो हा फुकट प्लेअर घ्या आणि त्यात एखादा साउंडफॉन्ट (वाद्यांच्या आवाजांची फाइल) उघडा. जनरल मिडी या ठरलेल्या यादीतल्या १२८ वाद्यांत १०५ क्रमांकाची सतार आहे, ११२ ची सनई आहे, २१ चं रीड ऑर्गन पेटीच्या जागी चालतं. तबला मात्र त्या यादीत नाही. तो वेगळा मिळवावा लागतो, आणि एफएल घेतलं तरी चांगला तबला वेगळाच मिळवावा लागतो.

पॅटर्नची सोय रीपरमध्येही आहे. मिडी आयटमची जोडलेली प्रत केली की एक बदलल्यावर बाकीच्या बदलतात, आणि हवी ती प्रत तोडून वेगळी करता येते.

आता एफएलची न सांगितलेली बाजू. सर्वांत स्वस्त फ्रूटी आवृत्तीत माइकवरून गाणं रेकॉर्ड करता येत नाही, त्यासाठी वरची प्रोड्यूसर आवृत्ती लागते. फुकट चाचणीत प्रोजेक्ट सेव्ह होतो, पण परवाना घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही. गॅदरिंगच्या आदल्या रात्री हे कळलं तर?

डग्गा:
दोघेही चौकटीवर भांडताय, बोल कसे भरायचे ते कुणी सांगितलं नाही. तबल्याचा सिक्वेन्स यांत्रिक वाटतो त्याचं कारण सॉफ्टवेअरमध्ये नसतं.

"धा" असा एकच तयार आवाज वापरू नका. धा म्हणजे तबल्यावर ना आणि डग्ग्यावर गे. धिं म्हणजे तिं आणि गे. हे दोन वेगळ्या ट्रॅकवर, दोन वेगळ्या मिडी चॅनलवर ठेवा. तीनतालात मग खालीसाठी वेगळे बोल शोधावे लागत नाहीत. दहाव्या ते तेराव्या मात्रेवरचे गे पुसा, तिं तिं ता ता आपोआप उरतं आणि चौदाव्या मात्रेला गे परत आला की खाली संपल्याचं कानाला कळतं.

वेगळा चॅनल का, तर घिश्श्यासाठी. डग्ग्यावर मनगट सरकवून जो घुमारा वर चढतो तो मिडीत पिच बेंडने, म्हणजे सुर वर-खाली ओढण्याच्या सूचनेने, करायचा. पिच बेंड अख्ख्या चॅनलला लागतो, एकेका सुराला नाही. तबला आणि डग्गा एकाच चॅनलवर असले की गे वर चढताना चाटेचा (तबल्याच्या काठावरचा) ना पण बेसूर वर जातो. नव्या लोकांच्या नव्वद टक्के तक्रारी "तबला मधेच सुरातून उतरतो" अशा असतात, आणि कारण हेच. गे वाजल्यानंतर लगेच बेंड चढवा आणि पुढचा गे यायच्या आधी शून्यावर आणा. आणायला विसरलात तर पुढचा बोल चढलेल्या सुरातच सुरू होतो.

क्वांटाइझ (बोल चौकटीच्या रेषेवर ओढणं) शंभर टक्के करू नका. पन्नास-साठ टक्के जोर पुरतो. एकाच जोराने सलग चार ना आले तर ते मशीनगनसारखे वाजतात. जोराचे आकडे १ ते १२७ असतात, त्यांत फरक ठेवा आणि शक्य असेल तर एका बोलाचे तीन-चार वेगवेगळे नमुने भरा.

हे सगळं रीपर, एफएल, क्यूबेस कशातही होतं. म्हणून मला तुमचा वाद दुय्यम वाटतो.

मुक्तस्रोत:
दुय्यम नाही. कारण आज केलेलं काम दहा वर्षांनी उघडेल का, हा प्रश्न सॉफ्टवेअरचाच आहे. लॉजिक हे असंच एक सॉफ्टवेअर आधी विंडोजवरही होतं. २००२ मध्ये ॲपलने ते बनवणारी कंपनी घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंद झाली. केकवॉक या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं काम २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची मालक कंपनी गिब्सनने थांबवलं. २०१८ मध्ये बँडलॅब या कंपनीने ते घेतलं म्हणून लोकांची गाणी वाचली. विकत घेतलेल्या माणसाच्या हातात यातलं काहीच नव्हतं.

माझं मत लिनक्सवरच्या आर्डर या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला. उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रकारांच्या भांडारातून एका आज्ञेत फुकट बसतं, गाणं रेकॉर्ड करायला भक्कम आहे. विंडोजवर तयार प्रोग्राम हवा असेल तर पैसे द्यावे लागतात, फुकट चाचणी दहा मिनिटांनी गप्प होते. नुसती रचना करायची असेल, माइक नको असेल, तर एलएमएमएस हे फुकट सॉफ्टवेअर पाहा. त्यात आवाज सोबत येतात, म्हणजे तिरकिट म्हणतात तो सातवीतला मुलगा लगेच वाजवू शकतो. मात्र १.२ या स्थिर आवृत्तीत रेकॉर्डिंग नाही. तिथे तबला-पेटी बसवून गाणं दुसरीकडे रेकॉर्ड करावं लागतं.

तिरकिट:
लिनक्सवर विंडोजचे व्हीएसटी (सॉफ्टवेअरला बाहेरून जोडायच्या वाद्यांचे) आवाज चालवायला मधला पूल बसवावा लागतो. भारतीय वाद्यांचे बरेचसे विकत मिळणारे संच विंडोज आणि मॅकसाठीच असतात. घरच्या माणसाने गाणं करायचं की पूल बांधत बसायचं?

मुक्तस्रोत:
हा आक्षेप खरा आहे. विकतचे संच हवेत त्यांनी लिनक्सच्या वाटेला जाऊ नये. पण फाइलचा मुद्दा तरीही उरतो. रीपरची आरपीपी फाइल साधा मजकूर असते, नोटपॅडमध्ये उघडून कुठल्या ट्रॅकवर कुठली वेव्ह फाइल होती ते वाचता येतं. एफएलची तशी वाचता येत नाही. म्हणून बंद सॉफ्टवेअरमध्ये मला रीपर त्यातल्या त्यात बरं वाटतं. कशातही काम करा, शेवटी प्रत्येक ट्रॅक ०:०० पासून २४ बिट वेव्ह म्हणून बाहेर काढा, सोबत मिडी फाइल ठेवा आणि फोल्डरच्या नावातच ताल, लय आणि सा ची पट्टी लिहा: रूपक, ९६, सा काळी ४.

काळी_पाच:
घरी मॅक असेल तर गॅरेजबँड आधीच मिळतं, त्याचा उल्लेखही नाही म्हणून लिहिते. सरळ आठ मात्रांचा भजनी ठेका आणि वर गाणं, एवढ्यासाठी ते पुरेसं आहे. पण एका प्रोजेक्टला एकच टाइम सिग्नेचर, आणि मिडी फाइल बाहेर काढता येत नाही. पुढे जायचा रस्ता फक्त लॉजिककडे.

बाकी तुम्ही सगळे ज्याला हात लावत नाही आहात ती गोष्ट म्हणजे ड्रायव्हर, संगणक आणि आवाजाचं यंत्र जोडणारा प्रोग्राम. विंडोजवर कीबोर्ड दाबल्यापासून आवाज येईपर्यंत लागणारा वेळ सॉफ्टवेअर बदलून फारसा कमी होत नाही. बफर (एका वेळी साठवून वाजवायचा आवाजाचा तुकडा) २५६ नमुने आणि नमुन्यांचा दर सेकंदाला ४८,००० असेल तर ५.३ मिलिसेकंद, ५१२ ला १०.७, १०२४ ला २१.३. हे फक्त बाहेर जाणाऱ्या बाजूचं. मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत, मात्रेत चार बोल धरले तर, 'तिरकिट' या बोलसमूहाचा एकेक बोल ९४ मिलिसेकंदांवर येतो. तिथे वीस-पंचवीसचा उशीर म्हणजे बोल पाव जागा मागे. वाजवताना २५६ ठेवा, मिक्स करताना १०२४ करा, नाहीतर आवाज फुटतो.

एएसआयओ (विंडोजवर उशीर कमी ठेवणारा) ड्रायव्हर असलेला साधा दोन चॅनलचा इंटरफेस, म्हणजे माइक-हेडफोन जोडायचं यंत्र, घ्या. यूएसबी माइक एक आणि हेडफोन लॅपटॉपला, असं करू नका. दोन यंत्रांची घड्याळं वेगळी असतात, लांब रेकॉर्डिंगमध्ये हळूहळू सरकतात. ब्लूटूथ हेडफोन तर अजिबात नको.

आणि नमुन्यांचा दर. तानपुऱ्याची फाइल ४४,१०० ची आणि यंत्र ४८,००० वर, मधे रूपांतर झालंच नाही, तर सुर जवळजवळ दीड सेमिटोन (पेटीवरच्या शेजारच्या दोन सुरांतलं अंतर म्हणजे एक) चढतो. काळी १ चा तानपुरा पांढरी २ आणि काळी २ च्या मधे लटकतो, कुठल्याच पट्टीत बसत नाही. लयही १०० ची १०९ होते. असा अधांतरी सुर ऐकू आला की आधी दर तपासा, पिच ओढत बसू नका.

खालीभरी:
काळी_पाच, दराचा मुद्दा फार महत्त्वाचा, आभारी आहे. एक भर घालतो. विलंबितासाठी टेम्पोची खालची मर्यादाही पाहावी. विलंबित एकताल मिनिटाला १२ ते १५ मात्रांचा असतो. ॲबलटन लाइव्ह हे सॉफ्टवेअर २० च्या खाली जात नाही, एफएल १० पर्यंत जातं. अडलं तर एका मात्रेला चार ठोके धरा: टेम्पो ६०, बारा मात्रांचं आवर्तन ४८ ठोक्यांचं, मात्रा पडते मिनिटाला १५. मेट्रोनोम ऐकायलाही हेच सोपं.

डग्गा:
श्रुतींचं, म्हणजे सुरांच्या बारीक फरकांचं, काय? शुद्ध गंधार बारा समान भागांच्या पट्टीपेक्षा सुमारे १४ सेंट (सेमिटोनचे शंभरावे भाग) खाली असतो, कोमल गंधार सुमारे १६ सेंट वर. ॲबलटन लाइव्हच्या १२ व्या आवृत्तीत स्वरपट्टी बदलायची सोय आतच आहे, रीपरमध्ये तशी तयार सोय नाही. इथे तुमचं लाडकं सॉफ्टवेअर मागे पडतं.

खालीभरी:
तयार सोय नाही हे खरं, पण अडत नाही. सर्ज एक्सटी हा फुकट सिंथ (सॉफ्टवेअरमधलं वाद्य) स्काला या प्रकारची स्वरपट्टीची फाइल वाचतो. किंवा त्या सुरापुरता पिच बेंड: पल्ला दोन सेमिटोनचा असेल तर २०० सेंटला ८१९२ आकडे, म्हणजे १४ सेंट खाली यायला उणे ५७३.

काळी_पाच:
करा, पण त्याच गाण्यात पेटी असेल तर थांबा. सा काळी १ वर घेतला तर गंधार पांढरी ४ वर येतो. नेहमीच्या संचातल्या पेटीचा तो सुर ३४९.२ हर्ट्झ, तुमचा उतरवलेला ३४६.४. दोन्ही लांब धरले की सेकंदाला जवळपास तीन ठोक्यांची थरथर येते आणि ऐकणारा म्हणतो गायक बेसूर आहे. एकतर पेटीचाही गंधार तेवढाच उतरवा, नाहीतर गंधारावर ठेहराव असेल तिथे पेटीचा आवाज खाली घ्या.