टेक कंपन्यांना अब्जावधींचा दंड: खरंच काही फरक पडतो का?

उगाचच:
मक्तेदारीवर कारवाई करणाऱ्या युरोपियन कमिशननं गूगलला २०१७ला शॉपिंग सर्चवरून २.४२ अब्ज युरो, २०१८ला अँड्रॉइडवरून ४.३४ अब्ज आणि सप्टेंबर २०२५ला जाहिरातींच्या धंद्यावरून परत २.९५ अब्ज दंड ठोकला. आकडे वाचून डोळे पांढरे होतात, पण गूगलची मालक कंपनी अल्फाबेटचा २०२४ या एका वर्षाचा निव्वळ नफाच १०० अब्ज डॉलर आहे, हत्तीच्या पाठीवर माशी बसली म्हणायचं. आणि वेळ किती लागतो बघा, शॉपिंगची चौकशी २०१०ला सुरू झाली, शेवटचा निकाल २०२४ला. तक्रार करणारी फाउंडेम नावाची किमतींची तुलना करणारी छोटी साइट २०१६लाच बंद पडली होती. वरातीमागून घोडं! बरं दंडाचे पैसे तरी तिला? छे, ते युरोपियन युनियनच्या बजेटात जातात.

रिकामटेकडा:
मोठं असणं गुन्हा आहे का? लोकांना सर्च आवडतं म्हणून वापरतात, नको असेल तर दोन मिनिटांत दुसरं लावता येतं. आणि कमिशनचं काय सांगता, चिप बनवणाऱ्या इंटेलला २००९ला १.०६ अब्ज लावला तो २०२२ला कोर्टानं उडवला, गूगलचा २०१९चा १.४९ अब्जही २०२४ला रद्द. आधी ठोका, पुरावे मग बघू.

शंकासुर:
@रिकामटेकडा दोन मिनिटांत बदलता येतं ना, मग गूगलनं २०२१ या एका वर्षात फोन-ब्राउझरमध्ये आधीपासून आपलंच सर्च लावलेलं असावं (डीफॉल्ट) म्हणून २६ अब्ज डॉलर कशाला मोजले? हा आकडा अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलाय. अँड्रॉइडचं तर उघडच होतं, फोन बनवणाऱ्याला प्ले स्टोअर हवं तर सर्च आणि क्रोम फोनमध्ये आधीच भरून द्यायचं, नाहीतर बसा. आणि इंटेलचं अर्धंच सांगितलंत, प्रतिस्पर्धी एएमडीच्या चिपवाले कॉम्प्युटर उशिरा आणावेत म्हणून पैसे दिले तो भाग टिकला आणि २०२३ला परत दंड लागला.

रिकामटेकडा:
२६ अब्जांचा मुद्दा... बरं, तो मान्य. पण २०१८च्या आदेशानंतर काय झालं? गूगलनं युरोपात फोन कंपन्यांकडून अॅप्सची लायसन्स फी घ्यायला सुरुवात केली. फुकटचं विकत झालं, कुणाचं भलं झालं सांगा.

उगाचच:
म्हणून तर म्हणतोय की नुसता दंड नको, अट घाला आणि त्यावर डोळा ठेवा. मायक्रोसॉफ्टनं २००९ला कबूल केलं होतं की विंडोजमध्ये ब्राउझर निवडायची स्क्रीन देऊ, मग विंडोज ७च्या एका अपडेटमध्ये ती गायबच, दीड कोटी लोकांना दिसली नाही, २०१३ला ५६.१ कोटी युरो भरावे लागले. शब्द मोडला म्हणून झालेला हा दंड मला तरी सगळ्यात रास्त वाटतो.

रिकामटेकडा:
दीड कोटी लोकांना स्क्रीन दिसली नाही, त्यातल्या किती जणांना ती हवी होती ते पण सांगा की :)